जांघेतली खाज आणि 'थ्री-इन-वन ट्यूब'चा मेसेज

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की जांघेत खाज म्हणजे अस्वच्छता, मेडिकलमधून थ्री-इन-वन ट्यूब आणा, अँटिसेप्टिकने धुवा, लिंबू चोळा, 3 दिवसांत साफ. मी कोथरूडला मेडिकलच्या काउंटरवर बसतो, मला गप्प बसवत नाही.

अस्वच्छता म्हणे. अहो, जुलैत पुण्यात अंडरवेअर दोन-दोन दिवस वाळत नाहीत, पोरं तशीच दमट घालतात, वर जीन्स, वर रेनकोट आणि हिंजवडीपर्यंत गाडी, बुरशीला अजून काय पाहिजे? दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही गजकर्ण होतं, यात लाजण्यासारखं काही नाही.

खरा घात ट्यूबचा. त्यात बुरशीच्या औषधासोबत बहुतेक वेळा क्लोबेटासॉलसारखं जबर स्टेरॉइड असतं, त्याने खाज दबते म्हणून वाटतं बरं झालं, पण बुरशी पसरतच राहते, ट्यूब सोडली की दुप्पट उसळते आणि चट्ट्याचं रूप बदलल्यामुळे डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. परवा एक पोरगा गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा होता, मग हळूच रिकामी ट्यूब पुढे केली, सहा महिने दुसरीकडून घेत होता. मांडीला आतून लाल-जांभळे चरे पडलेत म्हणाला, बाळंतिणीच्या पोटावर पडतात तसे. ते पूर्ण जात नाहीत हो.

आणि प्रत्येक खाज गजकर्णाची नसतेच. गजकर्णाची कड लाल, उठलेली असते, मधे साफ होत जातं, अंडकोष बहुतेक वेळा त्यातून वाचतो. तोही लाल असेल तर कॅन्डिडा, म्हणजे वेगळ्या जातीची बुरशी, नाहीतर साबण-पावडरची अॅलर्जी असू शकते. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ, लिंगावर गाठी, घरात अजून कोणी खाजवतंय? खरूज असेल, मग औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावायचं. लिंगाच्या टोकाला परत परत लाली येत असेल तर शुगर तपासा. स्किनवाले चट्टा थोडा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, ससून हॉस्पिटललाही स्किनची ओपीडी आहे.

लिंबू आणि अँटिसेप्टिकने नाजूक कातडी भाजते, बाकी काही नाही.

3 दिवस तर विसराच. औषध काही आठवडे लागतं, चट्टा गेल्यावरही डॉक्टर म्हणतील तितके दिवस, कारण हल्ली टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधालाही न जुमानणारी बुरशी आपल्याकडे आहे. पायात चिखल्या असतील तर त्यांचाही इलाज करा, बुरशी बऱ्याचदा तिथूनच वर येते, आणि तोवर आधी मोजे घाला, मग अंडरवेअर.