जर्मनीत काय, सगळं डुप्लिकेट

आज सकाळी फोन बघितला तर कॉलेजच्या ग्रुपवर चार मिनिटांची व्हॉइस नोट. आमचा एक मित्र (नाव घेत नाही, तो हे वाचणारच आहे) सहकुटुंब युरोप करून परत आलाय, त्यात जर्मनी पाच दिवस, चार शहरं, फ्रँकफर्ट, कोलोन, बर्लिन, म्युनिक. आणि निकाल असा की "जर्मनीला जाऊ नका रे, पैसे वाया. सगळं युद्धात उडालं, आता आहे ते डुप्लिकेट. ओरिजिनल बघायचं तर इटली." खाली अकरा अंगठे. आणि त्याखाली फोटो, बर्लिनच्या त्या राखाडी ठोकळ्यांवर त्याचा मुलगा एकावरून दुसऱ्यावर उडी मारतोय, वर लिहिलंय 'फुल धमाल'.

तेव्हापासून डोकं ठणकतंय. ऑफिसचं काम बाजूला ठेवून हे टाइप करतेय, लांबलं तर लांबलं.

ते ठोकळे 2711 आहेत. ब्रांडेनबुर्ग गेटपासून चालत दोन-तीन मिनिटांवर, युरोपभर मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक, 2005 मध्ये उघडलं. पोरावर माझा राग नाही, दहा वर्षांच्या पोराला ठोकळे दिसले की ते उडी मारणारच, इथली, बर्लिनची पोरंही मारतात आणि कुणीतरी हटकतं. पण फोटो काढणारा सत्तेचाळीस वर्षांचा आहे हो. आणि खाली तळघरात जे माहिती केंद्र आहे तिथे हा गेलाच नाही, कारण 'गाईडने पंधरा मिनिटंच दिली होती'.

मला आई आठवली.

2023 च्या ऑक्टोबरात आई माझ्याकडे बर्लिनला आली, साताऱ्याहून, आयुष्यातला पहिला विमानप्रवास, बॅगेत चकलीची भाजणी, गोडा मसाला आणि पितांबरीचं पाकीट. म्हटलं जर्मनीत पितांबरी कशाला? तर म्हणे तुझी समई काळी झाली असेल. झाली होतीच. दुसऱ्या दिवशी दूध आणायला दोघी खाली उतरलो, बिल्डिंगच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि आई एकदम थबकली, बाजूलाच झाली. "अगं थांब, नावं आहेत कुणाचीतरी खाली. पाय लागला माझा." आणि वाकली. गुडघ्यांचं दुखणं आहे तिचं, तरी भिंतीला धरून वाकली, हात लावला, कपाळाला लावला.

मी त्या घरात तेव्हा तीन वर्षं राहत होते. तीन वर्षं रोज त्यांच्यावरून चालत होते, हातात पिशव्या, कानात इअरफोन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारे दगड. फरसबंदीत बसवलेला साधारण दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, वर पितळी पत्रा, त्यावर 'येथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने 1992 मध्ये कोलोनला पहिला बसवला आणि 2023 मध्ये न्यूर्नबर्गला एक लाखावा बसला. एक लाख! तिकीट नाही, रांग नाही, गाईड नाही. माझा मित्र चारही शहरांत फिरला, पैकी म्युनिक सोडलं (त्याचं वेगळंच आहे, सांगते पुढे) तर बाकी तीन शहरांत तो शंभर टक्के ह्यांच्यावरून चालत गेला असणार. दिसले नाहीत. मलाही दिसले नव्हते, ते कबूल.

आमच्या दारात चार आहेत. नवरा, बायको, दोन मुलं. आईला जर्मन येत नाही पण आकडे येतात ना. धाकट्याचं जन्मसाल 1936, शेवटचं साल 1943. तिने तिथेच उभं राहून वजाबाकी केली आणि म्हणाली, "सात वर्षांचं पोर. आपल्या चिनूएवढं." दूध राहिलं त्या दिवशी.

आता 'डुप्लिकेट' वर येते.

अरे बाबा, तू पुण्यात पाहुणे आले की शनिवारवाडा दाखवायला नेतोस ना? काय आहे तिथे? तट, दरवाजे आणि जोती. वाडा 1828 मध्ये जळला. तू पाहुण्यांना जोत्याकडे बोट दाखवून सांगतोस की इथे सात मजले होते, कारंजं होतं, आणि छाती फुगवून सांगतोस, आणि ते बरोबरच आहे, मीही तेच करते. मग ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे चर्च परत उभं केलं तर ते डुप्लिकेट कसं? फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ते चर्च आधी आगीत भाजलं आणि 15 तारखेला सकाळी कोसळलं. चाळीसहून जास्त वर्षं तो ढिगारा तसाच पडून होता, गावाच्या मधोमध. मग एकेक दगड उचलून नंबर घालून, कुठला कुठे बसत होता ते शोधून, 1994 ते 2005 परत बांधलं. जुने दगड काळे, नवे पिवळसर. लपवलेलं काहीच नाही, लांबूनच दिसतं. वरचा सोन्याचा क्रॉस लंडनच्या ज्या सोनाराने घडवला त्याचे वडील ब्रिटिश विमानदलात होते, ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्यांपैकी एक. सांगा, इटलीत असलं काही दाखवा मला.

(इटलीवर राग नाही माझा, चिडलेय म्हणून लिहिलं.)

आईला तिथेही नेलं होतं, ट्रेनने दोन तास. ती बराच वेळ मान वर करून बघत बसली आणि म्हणाली, गोधडी आहे ही. जुन्या लुगड्याचे तुकडे नव्यात बसवलेत. मी आर्किटेक्चरवर काय काय वाचून गेले होते, ते सगळं गिळलं.

आणि म्युनिकला गेलास ना, तर अकरा वाजता मारिएनप्लात्झला हजार लोकांत मोबाईल वर करून ती नाचणाऱ्या बाहुल्यांची घंटा शूट केलीस, बघितली मी रील, छानच आहे ती. पण तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आल्टे पिनाकोठेक हे चित्रसंग्रहालय आहे. ड्यूररचं स्वतःचं चित्र, रूबेन्स, सगळं आत आहेच, पण तू आत नको जाऊस, बाहेरूनच बघ. बॉम्बने भिंतीला मोठं खिंडार पडलं होतं, ते युद्धानंतर हान्स ड्योल्गास्ट नावाच्या आर्किटेक्टने साध्या विटांनी भरून काढलं आणि ना रंग दिला ना नक्षी केली. बिल्डिंगच्या अंगावर टाक्यांचा व्रण असावा तसं दिसतं. बर्लिनला कुडाम रस्त्यावर जुन्या चर्चचा युद्धात फुटलेला मनोरा तसाच ठेवलाय आणि शेजारी 1961 चं निळ्या काचांचं नवं चर्च. ह्याला डुप्लिकेट म्हणायचं? कोलोनचं कॅथेड्रल तर चौदा बॉम्ब अंगावर घेऊन उभं राहिलं, 1248 ला सुरू केलेलं 1880 ला पूर्ण झालं, मध्ये तीनेकशे वर्षं काम बंद आणि अर्धवट मनोऱ्यावर क्रेन तशीच लटकलेली. तू म्हणतोस 'आतून अंधार आहे, दहा मिनिटांत होतं'. होतं बाबा. तुझं होतं.

बरं, फ्रँकफर्टची नवी 'जुनी पेठ' जरा सिनेमाच्या सेटसारखी वाटते, हे मान्य. 2018 मध्ये उघडली, पस्तीस घरं, त्यातली पंधरा जुन्यासारखी हुबेहूब. बर्लिनमध्ये राजवाडा परत बांधला तोही मला पटलेला नाही, त्यासाठी पूर्व जर्मनीची आख्खी संसद पाडली. रविवारी दुकानं बंद असतात त्याने पर्यटकाची पंचाईत होते, गाड्या लेट असतात, वेटर हसत नाहीत, सगळं मान्य. आणि इथले लोक आठवण ठेवतात म्हणजे फार शहाणे झाले असंही नाही, 2025 च्या निवडणुकीत एएफडी ही कट्टर उजवी पार्टी दुसऱ्या नंबरवर आली आणि त्या रात्री मी नीट झोपले नाही. झालं समाधान?

पण माझं म्हणणं वेगळंच आहे आणि ते मला नीट मांडता येत नाहीये, म्हणून परत आईकडेच जाते.

आम्ही राहतो तो भाग शोनेबर्गमधला, पूर्वी खूप ज्यू कुटुंबं राहायची, आइनस्टाइनसुद्धा इथलाच. तिथे दिव्याच्या खांबांवर पाट्या आहेत, ऐंशी, 1993 पासून. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा कायदा. आई दुसऱ्या आठवड्यात एकटी फिरून आली आणि म्हणाली, त्या कोपऱ्यावर पावाचं चित्र लावलंय, बेकरी काही दिसत नाही. मी तिला घेऊन गेले. मागे लिहिलंय, बर्लिनमध्ये ज्यूंनी खाण्याच्या वस्तू दुपारी चार ते पाच ह्याच वेळात घ्याव्यात, 1940. आई किती वेळ गप्प. मग म्हणाली, "पाचपर्यंत काय शिल्लक राहत असेल गं दुकानात?"

चार वाजता घाईने बाजाराला निघालेली बाई, पाठीला पोर. आईने ते सेकंदात बघितलं. कुठल्या ऑडिओ गाईडमध्ये मिळणारे हे.

आणि मराठी माणसाने बर्लिनला येऊन इथल्याच दाहलेम भागात जाऊ नये ह्याचं तर मला फारच वाटतं. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत पीएचडीला होत्या. गुरू ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा मुलामा देणारा. त्याची अटकळ होती की गोऱ्यांच्या आणि इतरांच्या कवट्यांच्या ठेवणीत फरक निघेल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा फरक दिसत नाही. परक्या देशात, विशीतली मराठी मुलगी, गुरूच्या तोंडावर! पुढे त्याच संस्थेत आउशवित्झच्या छळछावणीतून माणसांचे अवयव यायचे. इमारत अजून आहे, युनिव्हर्सिटी वापरते, दारापाशी पाटी आहे. पण ग्रुप टूरवाला तिथे कशाला थांबेल, तिथे फ्रीज मॅग्नेट मिळत नाहीत.

हं. म्युनिकचं सांगायचं राहिलं. तिथल्या नगरपालिकेने 2004 मध्ये हे पितळी दगड सरकारी फुटपाथवर बसवायला नकार दिला, 2015 मध्ये परत दिला. कारण तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख, ज्या लहानपणी स्वतः लपून वाचल्या, त्यांचं म्हणणं असं की मेलेल्यांची नावं पुन्हा लोकांच्या पायाखाली नकोत. म्हणून तिथे भिंतीवर पाट्या आणि खांब. हे मी आईला सांगितलं तर म्हणाली, "बाई बरोबर बोलतीये. भिंती काय कमी आहेत का?"

9 नोव्हेंबरला आमच्या खालच्या काकू (आईच्याच वयाच्या, आई त्यांना काकूच म्हणायची, तोंडावर, त्याही ओ द्यायच्या) बादली आणि फडकं घेऊन दारात बसल्या. 1938 मध्ये त्या रात्री ज्यूंची दुकानं, देवळं फोडली, जाळली, म्हणून त्या तारखेला लोक हे दगड घासतात. आपल्याकडे त्या दिवशी वसुबारस होती. आई खिडकीतून बघत होती. काही न बोलता आत गेली, पितांबरी घेतली आणि खाली. मी मागे पळाले. दोघी फुटपाथवर बसलेल्या, थंडीने नाक लाल, एक जर्मनमध्ये बोलतेय, एक मराठीत, आणि आई त्यांना शिकवतेय की असं गोल नाही, उभं घासायचं. काकूंनी मला विचारलं आई काय म्हणते. मी म्हटलं, ती म्हणते नावं भिंतीवर लावा. काकू म्हणाल्या, मग मला वाकावं लागलं नसतं. मी ते आईला सांगितलं. आईला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. पण धाकट्याचा दगड तिने कुणाला हात लावू दिला नाही, एकटीने घासला, दिवाळीच्या समईसारखा.

मित्रा, तू हे वाचशील तेव्हा चिडशील, चीड. फोटो मात्र ग्रुपवरून काढून टाक तो, एवढं कर.

आई अजून रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, दारातली पितळं काळी पडली का गं. मी नाही म्हणते. पडलीयेत. अर्धं पाकीट सिंकखाली आहे अजून, बाहेर पाऊस लागलाय, उद्या बघते.