भजन स्पर्धेच्या फॉर्मलाही सर्व्हरवरची तपासणी हवीच

नमस्कार. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन सोडण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. फॉर्ममधून आलेली कोणतीही फाइल सर्व्हरवर नीट तपासल्याशिवाय ठेवू नये, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. म्हापशाजवळच्या एका मंडळाच्या भजन स्पर्धेचा फॉर्म, त्याला एवढा बंदोबस्त कशाला, ती साइट फोडून कुणाला काय मिळणार? ब्राउझरमध्येच एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा, जसं 'डॉट जेपीजी') आणि आकार पाहिला की पुरे. आणि कडक तपासणीने साध्या माणसांचेच अर्ज परत जातात.

तिसरा आक्षेप मला मनापासून पटतो. पहिले दोन पटत नाहीत.

साइट फोडणारा मंडळाचं नाव वाचून येत नाही. आपोआप चालणारे प्रोग्राम एकामागून एक पत्ते चाचपत जातात आणि जिथे अपलोडचा फॉर्म सापडेल तिथे फाइल टाकून बघतात. भजनी मंडळांच्या यादीचं त्यांना काही पडलेलं नसतं. त्यांना हवा असतो चालू सर्व्हर, म्हणजे त्यावरून स्पॅम मेल सोडता येतात, एखाद्या बँकेचं खोटं लॉगिन पान लावता येतं. मग ब्राउझर तुमच्या साइटवर लाल इशारा दाखवू लागतो आणि ऐन जत्रेच्या तोंडावर लोकांना वेळापत्रकसुद्धा उघडता येत नाही. नुकसान मंडळाचंच होतं.

ब्राउझरमधल्या तपासणीचं म्हणाल, तर फॉर्मच्या कोडमध्ये 'ॲक्सेप्ट' लिहिल्याने फक्त फाइल निवडायच्या खिडकीत कोणत्या फाइली दिसाव्यात एवढंच ठरतं. जावास्क्रिप्ट चालते पाठवणाऱ्याच्या मशीनवर, ती बंद करणं त्याच्या हातात. 'कर्ल'सारख्या साधनाने तर फॉर्म न उघडताच थेट विनंती पाठवता येते. फाइलसोबत येणारा प्रकार, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या फाइल्स ॲरेमधला (आलेल्या फाइलींच्या माहितीच्या यादीतला) 'टाइप', हाही पाठवणाऱ्यानेच लिहिलेला असतो. त्यावर विसंबणं म्हणजे पाहुण्यालाच त्याची ओळख पटवायला सांगणं.

एक उदाहरण जवळून पाहू. एका फाइलची पहिली सहा अक्षरं 'जीआयएफ८९ए' अशी लिहिली आणि त्याखाली पीएचपीच्या दोन ओळी टाकल्या. फाइलचं नाव 'फोटो डॉट पीएचपी'. सर्व्हरवर फाइन्फोने (फाइलचा प्रकार ओळखणाऱ्या पीएचपीच्या साधनाने) आतला मजकूर तपासला, तर तो सुरुवातीची खूण पाहून सांगतो की ही जिफ प्रतिमा आहे. तेवढ्यावर विश्वास ठेवून फाइल त्याच नावाने सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवली आणि कुणी तिचा पत्ता उघडला, की पीएचपी ती सहा अक्षरं साधा मजकूर म्हणून छापते आणि खालचा कोड चालवते. म्हणजे केवळ आतली खूण तपासूनही भागत नाही. एक्स्टेन्शन आपल्या ठरलेल्या यादीतलंच हवं, मजकूर त्याच्याशी जुळायला हवा, साठवायचं नाव आपण स्वतः तयार केलेलं हवं, आणि फाइल वेब फोल्डरच्या बाहेर हवी. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण बाकीच्यांत काही चुकलं तरी तिथे ठेवलेली फाइल थेट पत्त्यावरून कुणाला चालवता येत नाही.

मंडळाचा फोटो असेल तर मी तो जीडीने (प्रतिमा हाताळणाऱ्या पीएचपीच्या साधनाने) उघडून नवी जेपीईजी म्हणून पुन्हा लिहितो. मूळ फाइलला जोडलेला फालतू मजकूर त्यात गळून पडतो. फोटोत नोंदलेलं जीपीएसचं ठिकाणही जातं, आणि तालीम कुणाच्या तरी घरच्या अंगणात चालते तेव्हा ते जायलाच हवं. उघडण्याआधी लांबी-रुंदी किती पिक्सेल आहे ते मात्र बघा. काही केबींची पीएनजी उघडल्यावर सगळी मेमरी खाऊ शकते. अर्जासोबत येणारी रहिवासी दाखल्याची पीडीएफ अशी सहज पुन्हा लिहिता येत नाही, म्हणून ती ब्राउझरमध्ये न उघडता डाउनलोड होईल अशीच द्यावी.

आता तुमचा तिसरा मुद्दा. पीएचपीत एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते आणि संपूर्ण फॉर्मची ८ एमबी. ही दुसरी मर्यादा ओलांडली, की फाइलच काय, भरलेलं नाव-गावसुद्धा प्रोग्रामपर्यंत पोचत नाही, भरलेल्या माहितीचा आणि फाइलींचा असे दोन्ही ॲरे रिकामे येतात. मग फॉर्म म्हणतो, 'मंडळाचं नाव भरा.' वाळपईच्या आत कुठेतरी, पावसात येणाऱ्या-जाणाऱ्या नेटवर्कवर माणूस तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरत बसतो आणि चूक आपलीच समजतो. याचा मला खरंच राग येतो. विनंतीचा आकार आधी पाहून 'फोटो फार मोठा आहे, २ एमबीच्या आतला द्या' असं मराठीत सांगायला चार ओळी लागतात. ब्राउझरमधली तपासणीही इथेच कामाची आहे. फाइल पाठवण्यात दहा मिनिटं घालवण्याआधीच ती माणसाला सावध करते. ती जरूर ठेवा, फक्त तिला सुरक्षा समजू नका.

फाइलच्या नावावरून अर्ज परत पाठवणं तर कुठेच योग्य नाही. बऱ्याच फॉर्ममध्ये नावात फक्त इंग्रजी अक्षरं चालतात. कुणी नियम सैल करून 'कोणत्याही लिपीतलं अक्षर' असं लिहितो, पण युनिकोडमध्ये मात्रांचा वर्ग अक्षरांहून वेगळा आहे, त्यामुळे 'रहिवासी' गाळून निघतं ते 'रहवस' होऊन. साठवायला आपलंच नाव वापरायचं असेल तर या भानगडीत पडायची गरजच नाही. मूळ नाव डेटाबेसमध्ये जसंच्या तसं ठेवा आणि दाखवताना एस्केप करा, म्हणजे त्यातली खास चिन्हं कोड म्हणून न चालता नुसती अक्षरं म्हणून दिसतील. तसंच आयफोनचं. २०१७पासून त्याचे फोटो मुळात एचईआयसी या जेपीईजीहून वेगळ्या प्रकारात निघतात. ते सर्व्हरवर बदलून घ्या, किंवा नाही चालत हे फॉर्मवरच आधी सांगा.

सर्व्हरवर कितीही काटेकोर तपासलं तरी माणसाला एकही जास्तीची खेप पडू नये, एवढंच मी मागतो आहे.

तुमच्या साइटवर आज एक गोष्ट करून बघा. 'चाचणी' हा शब्द छापणारी एका ओळीची पीएचपी फाइल एफटीपीने (सर्व्हरवर थेट फाइल चढवायच्या पद्धतीने) अपलोडच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडा. ४०३ (परवानगी नाही) आला किंवा कोड जसाच्या तसा दिसला, तर तिथे पीएचपी चालत नाही. नुसता 'चाचणी' शब्द दिसला, तर त्या फोल्डरमधली कुणाचीही पीएचपी चालेल. फाइल लगेच काढून टाका आणि काय दिसलं ते इथेच कळवा, म्हणजे तुमच्या होस्टिंगवर ते कसं बंद करायचं ते पाहू.