घरगुती फेस ट्रॅकरला ‘काहीही चालतं’ हे खरं नाही

व्हीआर हेडसेटला ओठ आणि गालांच्या हालचाली टिपणारा ट्रॅकर घरी जोडू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या भरपूर फिरतो आहे. तो थोडक्यात असा: ‘भाग निवडण्यात वेळ घालवू नका. सगळ्यात स्वस्त ईएसपी३२ कॅमेरा बोर्ड घ्या, जमतील तेवढे जास्त मेगापिक्सेल घ्या, १६० अंशांची लेन्स लावा, जोरदार इन्फ्रारेड एलईडी बसवा आणि वायफायवर सोडा. उरलेलं सॉफ्टवेअर बघून घेतं.’ (ईएसपी३२ म्हणजे वायफाय असलेली छोटी, स्वस्त चिप.)

यातलं एक खरं आहे: महागडं काही लागत नाही. ओठांच्या हालचाली ओळखणारं प्रोजेक्ट बॅबलसारखं खुलं सॉफ्टवेअर बोटाच्या पेराएवढ्या कॅमेऱ्यावर उत्तम चालतं. पण बाकीचा सल्ला ऐकून जोडलेले ट्रॅकर टेबलावर चालतात आणि तोंडासमोर बसवले की फसतात. कारण साधं आहे. कॅमेरा ओठांपासून चार-पाच सेंटीमीटरवर बसतो, आणि या एका मापावरून आधी लेन्स ठरते, मग उजेड, मग सेन्सर आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. सल्ल्याने हा क्रमच उलटा केला आहे.

‘जास्त मेगापिक्सेल घ्या’

सॉफ्टवेअरमधल्या एआय मॉडेलसाठी बोर्डाकडून येणारं चित्र जेमतेम २४० बाय २४० पिक्सेलचं आणि कृष्णधवल असतं. म्हणजे ५७,६०० पिक्सेल. दोन मेगापिक्सेलचा ओव्ही२६४० सेन्सरसुद्धा याच्या कितीतरी पट जास्त देतो. पाच मेगापिक्सेलचा ओव्ही५६४० घेतल्याने तपशील वाढत नाही, उलट दोन गोष्टी बिघडतात. दोन्ही सेन्सर पाव इंची. ओव्ही२६४० चा पिक्सेल २.२ मायक्रॉनचा, ओव्ही५६४० चा १.४ मायक्रॉनचा. क्षेत्रफळात हा फरक जवळजवळ अडीच पट पडतो, आणि तेवढा कमी उजेड एकेका पिक्सेलला मिळतो. शिवाय ओव्ही५६४० चांगलाच तापतो, आणि तापलेल्या सेन्सरचं चित्र दाणेदार होतं. घ्यायचाच असेल तर निदान ऑटोफोकसचा घेऊ नका. डोकं हललं की त्याची लेन्स जागा सोडते, आणि आपल्याला तर फोकस एकदा लावून कायमचा पक्का हवा असतो.

‘१६० अंशांची लेन्स लावा’

इथे कागदावर दोन ओळींचा हिशेब करा. दिसणारी रुंदी म्हणजे दुप्पट अंतर गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. बोर्डासोबत येणारी लेन्स साधारण ६५ अंशांची असते. चार सेंटीमीटरवर ती ५.१ सेंटीमीटर दाखवते. हा कोन बहुतेक वेळा तिरका, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा मोजलेला असतो. चार-तीन प्रमाणाच्या सेन्सरमधून चौकोनी तुकडा कापला की त्याच्या साठ टक्केच उरतात: ३.१ सेंटीमीटर. ओठांची दोन्ही टोकं एकदम मावत नाहीत. १२० अंशांची लेन्स याच हिशेबाने सुमारे ८.३ सेंटीमीटर दाखवते. ओठ, गालांचा आतला भाग आणि उघडलेला जबडा, सगळं येतं. पाच सेंटीमीटरच्या तोंडाला १४५ च्या आसपास पिक्सेल मिळतात.

१६० अंशांच्या लेन्सला हे सूत्र लागूच पडत नाही, कारण ती फिशआय असते. तिच्यात नाक, हनुवटी, हेडसेटची कड, अगदी शेजारचा एलईडीसुद्धा चौकटीत येतो. एलईडी दिसला की चित्रावर पांढरट धूसरपणा पसरतो आणि ओठ मधोमध आक्रसून बसतात.

फोकसबद्दल तर हा सल्ला एक शब्द बोलत नाही, आणि निम्मे ट्रॅकर इथेच अडतात. कारखान्यातून लेन्स दूरच्या वस्तूंसाठी लावलेली येते. साडेतीन मिलिमीटर फोकल लांबीच्या लेन्सला पाच सेंटीमीटरवर फोकस करायला सुमारे पाव मिलिमीटर बाहेर यावं लागतं. दोन मिलिमीटरच्या रुंद लेन्सला ०.०८ मिलिमीटर पुरतात. आट्यांवरचा गोंदाचा थेंब पातीच्या टोकाने हलकेच फोडा, लेन्स घड्याळाच्या उलट दिशेने थोडी थोडी फिरवा आणि समोर आलेखाचा कागद धरून रेघा स्पष्ट होईपर्यंत बघत राहा. हे इन्फ्रारेड उजेडातच करा. दिव्याच्या उजेडात लावलेला फोकस इन्फ्रारेडमध्ये सरकतो.

कॅमेरा मॉड्यूल घेताना त्यावर ‘८५० नॅनोमीटर’ (इन्फ्रारेडची तरंगलांबी) लिहिलेलं बघून घ्या. नेहमीच्या मॉड्यूलमध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच असते आणि ती तशीच राहिली तर एलईडी कितीही लावा, चित्र काळंच. काच स्वतः काढता येते, पण त्यानंतर फोकस पुन्हा लावावा लागतो.

‘एलईडी जोरदार हवेत’

या यादीतला हा सगळ्यात घातक सल्ला. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याने बाहुली आकसत नाही, पापणीही मिटत नाही. डोळ्याला स्वतःला वाचवायची संधीच मिळत नाही. आयईसी ६२४७१ या मानकात हजार सेकंदांपेक्षा जास्त काळासाठी डोळ्यावरच्या इन्फ्रारेडची मर्यादा १०० वॅट प्रति चौरस मीटर आहे. डेटाशीटमध्ये तीव्रता मिलीवॅट प्रति स्टेरेडियनमध्ये दिलेली असते. तिला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की ढोबळ आकडा मिळतो. समजा १०० मिलीअँपला ५० मिलीवॅट प्रति स्टेरेडियन देणारा एलईडी डोळ्यापासून तीन सेंटीमीटरवर आहे. एकाचेच साडेपंचावन्न वॅट होतात, दोघांचे १११. मर्यादा ओलांडली. तोच एलईडी ५ मिलीअँपवर चालवला तर तीनच्याही खाली राहतो.

तोंडाच्या ट्रॅकरमध्ये डोळे थेट समोर नसतात, हे मान्य. पण एलईडी उरले की तेच लोक पुढे डोळ्यांच्या ट्रॅकरला लावतात. म्हणून घुमटाकार, किरण एकवटणारा पाच मिलिमीटरचा एलईडी घेऊच नका. सपाट, पसरट उजेडाचा एसएमडी एलईडी घ्या.

तोंडासाठी ८५० नॅनोमीटरचे दोन एलईडी पुरतात. प्रत्येकावर सुमारे १.५ व्होल्ट पडतात. पाच व्होल्टवर दोन एकापाठोपाठ जोडले की दोन व्होल्ट उरतात, आणि १०० ओहमचा रेझिस्टर लावला की २० मिलीअँप मिळतात. रेझिस्टरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरून बरोबर दोन व्होल्ट येतात का ते बघा. कमी उजेड पुरत असेल तर २२० ओहम लावा. ‘तीन एलईडी एकापाठोपाठ जोडले की रेझिस्टर लहान लागतो’ असंही सांगतात. जोडू नका. रेझिस्टरला अर्धा व्होल्टच उरतो. यूएसबीचा पुरवठा ४.७ व्होल्टवर घसरला की प्रवाह निम्म्याहून खाली जातो आणि चित्र मधूनमधून अंधारतं.

उजेड कमी करायला पीडब्ल्यूएम, म्हणजे एलईडी झपाट्याने चालू-बंद करण्याची पद्धत, वापरू नका. हे सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतात, त्यामुळे लुकलुकणाऱ्या एलईडीचे आडवे पट्टे चित्रात सरकत राहतात. मॉडेलला ते ओठांच्या हालचालीसारखे वाटतात.

९४० नॅनोमीटरचा एलईडी अजिबात चमकत नाही म्हणून आवडतो, पण सिलिकॉनच्या सेन्सरला तो बराच मंद दिसतो. ८५० चा मंद तांबूस ठिपका सहन करा.

दोन्ही एलईडी लेन्सच्या दोन बाजूंना, शक्य तितके दूर आणि किंचित आत कललेले ठेवा. एकच असेल तर खालच्या ओठाखाली काळी सावली पडते आणि ओल्या ओठावर पांढरा ठिपका चमकतो. एलईडीसमोर धुरकट पारदर्शक चिकटपट्टी लावली की तो ठिपका विरतो. आणखी एक फसवी गोष्ट: थ्रीडी प्रिंटची काळी भिंत इन्फ्रारेड अडवेलच असं नाही. कार्बनने काळं केलेलं प्लॅस्टिक अडवतं, काही रंगद्रव्यांनी काळं केलेलं आरपार जाऊ देतं. भिंतीमागे एलईडी लावून कॅमेऱ्यातून बघा.

‘कुठलाही ईएसपी३२ बोर्ड चालतो’

जुना ईएसपी३२-कॅम चित्र देतो, यात वाद नाही. पण त्याची लांबी चार सेंटीमीटर, त्यावर यूएसबी नाही, आणि वायफाय जोर लावतं तेव्हा पुरवठा कोसळून ब्राउनआउटचा संदेश देत तो पुन्हा सुरू होतो. पुरवठा ५०० मिलीअँप तरी देणारा हवा आणि तार आखूड हवी.

ईएसपी३२-एस३ चिप असलेला झाओ सेन्स हा बोर्ड २१ बाय १७.५ मिलिमीटरचा आहे, त्यावर ८ मेगाबाइट पीएसरॅम (फ्रेम साठवायला लागणारी जादा मेमरी) आहे आणि यूएसबी थेट चिपमध्येच आहे. दुसरा एखादा एस३ बोर्ड घेत असाल तर मॉड्यूलच्या नावात ‘आर’ आहे का ते बघा. एन८आर८ मधला आर म्हणजे पीएसरॅम. नुसतं एन८ असेल तर मोठ्या फ्रेमसाठी जागा नाही. झाओ तापतो, म्हणून हीटसिंक लावा.

कॅमेऱ्याची रिबन केबल गरजेपुरतीच लांब घ्या. आठ तारांवरून समांतर माहिती जाते, पट्टी लांबली की चित्र फाटतं. सेन्सरला ताल देणारं घड्याळ २० वरून १० मेगाहर्ट्झवर आणलं तर फाटणं थांबतं, पण फ्रेमही निम्म्या होतात.

‘वायफायवर सोडा’

एका फ्रेमचे ६ किलोबाइट धरले तर सेकंदाला ६० फ्रेमना ३६० किलोबाइट लागतात, म्हणजे २.९ मेगाबिट. हे वायफायला जड नाही. अडचण वेगाची नसून लयीची आहे. ईएसपी३२-एस३ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. तिथे ब्लूटूथही असतं, अंगावरचे ट्रॅकरही असतात. एक पाकीट हरवलं की मागची सगळी थांबतात, मग तीन फ्रेम एकदम येतात आणि अवताराचं तोंड झटक्याने उघडतं.

तार लावा. थेट यूएसबीचे १२ मेगाबिट या कामाला पुरतात, पण फ्रेम जेपीईजीमध्येच पाठवा. न दाबलेल्या ६० फ्रेमना २७ मेगाबिटपेक्षा जास्त लागतात. जुन्या बोर्डाला यूएसबी-सिरियल चिप जोडली तर सिरियलच्या ३० लाख बॉड वेगालाही सेकंदाला ३०० किलोबाइटच जातात, म्हणजे ५० फ्रेम. आणि तार फक्त चार्जिंगची नाही ना, हे आधी तपासा. ‘बोर्ड मेला’ म्हणून फेकलेले कित्येक बोर्ड धड असतात, दोष तारेचा असतो.

‘उरलेलं सॉफ्टवेअर बघून घेतं’

कॅलिब्रेशन तुमच्या तोंडाची कमाल-किमान ठरवतं. पांढरा फटक पडलेला गाल किंवा चौकटीबाहेर गेलेलं ओठाचं टोक ते परत आणू शकत नाही. हेडसेटवर पक्कं करण्याआधी खोलीतला दिवा लावून आणि बंद करून चित्र बघा. ते फारसं बदलायला नको. ० ते २५५ च्या उजळपणात गालाचा सगळ्यात उजळ भाग २५५ ला न टेकता २०० च्या आसपास हवा. जीभ बाहेर काढा, गाल फुगवा, जबडा पूर्ण उघडा. काहीही कडेला कापलं जात असेल तर कॅमेरा मागे घ्या, सॉफ्टवेअरमध्ये झूम बदलून उपयोग नाही.

मग नाकाने जोरात श्वास सोडा. तो थेट खाली, कॅमेऱ्यावर येतो आणि थंड लेन्स धुकटते. बोर्ड लेन्सच्या पाठीला टेकवून बसवला तर त्याच्याच उबेने ती कोरडी राहते. लेन्स नाकपुड्यांच्या रेषेपासून जरा पुढे ठेवा. कॅमेऱ्याचा आधार स्क्रूने घट्ट बसवा. गरम गोंद त्याच उबेने मऊ पडतो, कॅमेरा दोन मिलिमीटर खाली सरकतो आणि चित्रात ओठ सहाएक पिक्सेल वर गेलेले दिसतात.