नवं विम हवं म्हणून जुनं उपटून टाकू नका

लिनक्सवर नव्याने आलेल्यांना विम या टेक्स्ट एडिटरबद्दल हमखास मिळणारा एक सल्ला: ‘उबुंटूतलं विम जुनं, म्हणजेच असुरक्षित. आधी एप्टने ते काढा, मग सोर्सवरून बिल्ड करून सुडो मेक इन्स्टॉल करा. कटकट कायमची मिटली.’ उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, एप्ट म्हणजे त्यातलं पॅकेजं बसवायचं-काढायचं साधन; बिल्ड म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्रॅम स्वतः तयार करणं, आणि सुडो मेक इन्स्टॉल म्हणजे तो ॲडमिनच्या अधिकाराने बसवणं. हा सल्ला वाचून लोक सुरळीत चाललेल्या मशीनची वाट लावतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘जुनं म्हणजे असुरक्षित’ याकडे बघू. जून २०१९मध्ये विमच्या मोडलाइनमधला (फाइलमध्येच लिहिलेल्या विमच्या सेटिंगच्या ओळीतला) दोष गाजला. मोडलाइन चालू असेल, तर नुसती फाइल उघडली तरी तिच्यात दडवलेली कमांड चालायची. मूळ प्रकल्पात दुरुस्ती ८.१.१३६५ या पॅचला झाली. उबुंटू १८.०४वर होतं ८.०.१४५३. उबुंटूने आवृत्ती बदललीच नाही. तेवढी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बसवली आणि पॅकेजच्या क्रमांकाचं शेपूट वाढवलं. म्हणजे विम उघडल्यावर ८.०च दिसायचं, भोक मात्र बुजलेलं होतं. दुरुस्ती आली का ते आवृत्तीवरून ठरवू नका, ‘एप्ट चेंजलॉग विम’ वाचा; सुरक्षादोषांचे सीव्हीई क्रमांक तिथे असतात. उलट हाताने बिल्ड केलेलं विम एप्टच्या हिशेबातच नसतं. पुढचा दोष निघाला की पुन्हा बिल्ड करायचं तुम्हीच, आणि ते बहुतेकांकडून होत नाही.

‘आधी जुनं काढा’ याला काहीच आधार नाही. मेक इन्स्टॉलने विम यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये जातं, एप्टचं विम यूएसआर-बिनमध्ये. दोन्ही सुखाने नांदतात. उबुंटूच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, लोकल आधी येतं, त्यामुळे नवंच उघडतं. त्याच टर्मिनलमध्ये जुनं उघडलं तर बॅशला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या शेलला, जुना पत्ता आठवतोय. ‘हॅश -आर’ द्या. ‘टाइप -ए विम’ने दोन्ही पत्ते दिसतात.

जुनं ठेवण्याचं खरं कारण वेगळं आहे. पायथन भाषेचा आधार थेट जोडून उबुंटू २२.०४वर बिल्ड केलेलं विम पायथन ३.१०च्या लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडवर) अवलंबून असतं. २४.०४वर पायथन ३.१२ येतं. अपग्रेडनंतर जुन्या लायब्ररी साफ झाल्या की तुमचं विम उघडतच नाही, शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणून थांबतं. सर्व्हरवर कॉन्फिग फाइल सुधारायची आहे आणि एडिटरच नाही, ही वेळ कुणावर येऊ नये. एप्टचं विम तेव्हा ‘यूएसआर-बिन’चा पूर्ण पाथ देऊन उघडता येतं.

‘कटकट मिटली’ हेही खोटं. एक्स११ची (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेची) बिल्डसाठी लागणारी डेव्ह पॅकेजं नसताना बिल्ड केलं तर ‘विम --व्हर्जन’मध्ये क्लिपबोर्डपुढे उणे चिन्ह येतं आणि सिस्टिम क्लिपबोर्डवर कॉपी होत नाही. बिल्डची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट मात्र कुरकुर न करता पुढे जाते.

नव्याची गरज खरी असू शकते. २२.०४वर विम ८.२ आहे, आणि विम९ स्क्रिप्ट (प्लगइन लिहायची विमची नवी भाषा) पक्की झाली ती ९.०पासून, जून २०२२मध्ये. त्यावर लिहिलेली प्लगइन हवी असतील तर जरूर बिल्ड करा. पण कॉन्फिगरला प्रीफिक्स, म्हणजे बसवायची जागा, म्हणून होममधली .लोकल डिरेक्टरी द्या, म्हणजे सुडो लागतच नाही. आणि सोर्सचं फोल्डर पुसू नका. मेक अनइन्स्टॉल तिथूनच चालतं.