‘ती सूट होती मॅडम, चुकीची कबुली नव्हे’: बिलिंग काउंटरवरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या बिलात जास्तीचे लागलेले पैसे आम्ही कसे परत मिळवले, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. तुम्ही स्वतः एका खाजगी रुग्णालयात बिलिंगला बसता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: असले लेख वाचून लोक काउंटरवर येऊन हुज्जत घालतात, डिस्चार्ज रखडतो, पुढच्या पेशंटला बेड मिळत नाही, आणि एखादा हातही उगारतो. आम्हाला परत मिळालेले पैसे ही रुग्णालयानं माणुसकीनं दिलेली सूट होती. आणि कोविडात सरकारनं ठरवलेल्या दरांनी लहान रुग्णालयं मोडली, त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

हात उगारण्याचं आधी संपवते. त्याला माझा पाठिंबा नाही, कधीच नव्हता. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. काउंटरवरच्या पगारी माणसानं दर ठरवलेले नसतात हेही मला कळतं. म्हणूनच त्या लेखात मी म्हटलं होतं की काउंटरवर आवाज चढवू नका. पैसे भरायचे असतील तर भरा, पण ‘अमुक रकमांबद्दल हरकत कायम ठेवून भरत आहोत’ एवढं लिहून पोच घ्या आणि पेशंटला घरी न्या. बेड अडत नाही, भांडणही होत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आता सूट. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

आमच्या बिलात काय होतं ते पुन्हा सांगते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पिपरासिलीन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक इंजेक्शन थांबवून त्याऐवजी मेरोपेनेम हे दुसरं सुरू केलं. नर्सिंग चार्टवर, म्हणजे नर्स दिलेल्या औषधांची नोंद करतात त्या कागदावर, तसं स्वच्छ लिहिलेलं. फार्मसीच्या बिलात मात्र डिस्चार्जपर्यंत दोन्ही इंजेक्शनं रोज चालू. आयसीयूतून वॉर्डात हलवल्यावरही मॉनिटरचे पैसे लागत होते, आणि वॉर्डात मॉनिटर नव्हताच. एका मोठ्या डॉक्टरांच्या व्हिजिटा रविवारीही लागलेल्या, केसपेपरवर मात्र रविवारची त्यांची नोंदही नाही, सहीही नाही. हे सगळं एका कागदावर मांडून दिलं तेव्हा उत्तर आलं, ‘सरांशी बोलून काहीतरी कन्सेशन करून देतो.’ आणि सोबत सहीसाठी एक छापील कागद: सवलत मिळाली, यापुढे आमची कोणतीही तक्रार नाही.

मी सही केली नाही, आणि त्याचं कारण माझा ताठा नव्हे. बिल कॅशलेस होतं, मोठा वाटा विमा कंपनीनं भरला होता. आमच्या खिशातून गेलेल्या रकमेवर सूट दिली की आम्ही खूष, पण विमा कंपनीकडे गेलेलं बिल तसंच फुगलेलं राहतं. न टोचलेल्या इंजेक्शनांचे पैसे सासऱ्यांच्या त्या वर्षीच्या विमा रकमेतून वजा झालेलेच राहतात. त्याच वर्षात पुन्हा दाखल व्हायची वेळ आली असती तर ती रक्कम कमी पडली असती, आणि तेव्हा तुमची माणुसकी कुठे शोधायची? म्हणून मी ओळवार दुरुस्ती मागितली: कोणतं औषध, किती नग, कोणत्या तारखेचं, आणि त्याची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याचा कागद. बऱ्याच पत्रापत्रीनंतर ती मिळाली, सुधारित बिल विमा कंपनीकडे गेलं, तिचा वाटा तिला आणि आमचा आम्हाला परत आला. किराणा दुकानदारानं न दिलेल्या तेलाचे पैसे परत केले तर त्याला कुणी दानशूर म्हणत नाही.

‘केसपेपर सामान्य माणसाला कळत नाहीत, ते मागून उपयोग काय?’ असंही तुम्ही विचारलंत. सगळं कळायची गरजच नाही. फार्मसीचं बिल आणि नर्सिंग चार्ट शेजारी ठेवले की तारखा जुळतात की नाही हे सातवी शिकलेल्यालाही दिसतं. आणि कागद मिळतात: वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज मात्र लेखी हवा, तोंडी विचारलं की ‘रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर आहे’ ऐकायला मिळतं. दरांचंही तसंच. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाल्यापासून दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तुमच्या लॉबीत ते आहे का, हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

एका बाबतीत मात्र मी वाचकांना आवरते, आणि तिथे तुमच्या बाजूनं बोलते. ग्लोव्हज, सिरिंजा, कॅन्युला यांवर छापलेली किंमत पाहून लोकांचा संताप होतो. एनपीपीए या औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला होता. पण छापील किंमतीच्या आत विकलं असेल तर निव्वळ त्या कारणावर परतावा मिळणं कठीण. ती लढाई सरकारनं किंमत बांधून देण्याची आहे, जशी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटची बांधून दिली. बिल हातात घेऊन बसलेल्या घरच्यांनी आपली ताकद न वापरलेल्या, न दिलेल्या आणि दोनदा लावलेल्या गोष्टींवर लावावी.

कोविडच्या दरांबद्दल: मे २०२० मध्ये दिवसाला वॉर्डचे ४,०००, आयसीयूचे ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० असे दर ठरले. लहान रुग्णालयांना ते जड गेले असतील, मी वाद घालत नाही. पण पीपीई किट या दरांच्या बाहेर होतं, आणि एकच किट घालून अख्खा वॉर्ड फिरलेल्या डॉक्टरचं किट प्रत्येक पेशंटच्या बिलात लागल्याच्या तक्रारी तुमच्याही कानावर आल्याच असतील. रुग्णालयांची बिलं तपासणाऱ्या लेखापरीक्षकांनी त्या काळात जे पैसे परत करायला लावले, ते असं जादा लावलं म्हणून, दर कमी होते म्हणून नव्हे.

‘परवडत नसेल तर कोर्टात जा’ हे तुम्ही रागानं लिहिलंत, पण सल्ला चांगला आहे. लेखी तक्रारीला रुग्णालयानं दाद दिली नाही तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडे, म्हणजे शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण ‘यापुढे तक्रार नाही’वर सही करून बसलेल्या माणसाची बाजू तिथे पहिल्याच दिवशी लंगडी होते. तो कागद काउंटरवर ठेवलेला का असतो, हे तुम्ही मला सांगायला नको.

लेख काढून टाकणार नाही. पण एक विचारते, कारण हे आतल्या माणसालाच ठाऊक असणार: वॉर्डातून परत आलेली औषधं तुमच्याकडे बिलातून रोजच्या रोज वजा होतात, की सगळी डिस्चार्जच्या दिवशी? डिस्चार्जच्या दिवशी होत असतील तर नातेवाइकांनी कोणत्या वेळी, कुणाला विचारावं? तुम्ही लिहिलंत तर ते तुमच्याच शब्दांत लेखात वर टाकते, नावाशिवाय.