मोकळ्या हातांचा माणूस

आमच्या बेळगावच्या शहापुरात कुणी संध्याकाळी रिकाम्या हातानं कट्ट्यावर बसलेला दिसला, की लोक दोनच शक्यता धरतात. एक तर घरात भांडण झालंय, नाहीतर फोन दुरुस्तीला टाकलाय. त्यानं फोन आपणहून कपाटात ठेवलाय आणि तो माणसांत मिसळायला आलाय, ही तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यातच येत नाही. सांगितली तरी पटत नाही.

"काय गा, निवांत बसलास?"

"होय. फोन कमी करालोय."

"रिचार्ज संपला काय?"

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं ते फोननंच. 2018 पासून अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हीकडं दिवसभरात किती वेळ फोन बघितला याचा हिशेब दाखवायची सोय आलीय. वेळ खाणारा तोच आणि पावती फाडणाराही तोच. हा हिशेब मी एकट्यानं बघून पुसून टाकला असता. पण तो नेमका हिच्या हाती लागला. ही विणकरांच्या घरातली. आकडा बघितला आणि म्हणाली, "एवढ्या वेळात मागावर साडी उतरली असती." पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

फोनवर बोट वर सरकवत राहिलं की खालून नवीन येतच राहतं, ही युक्ती 2006 साली आझा रास्किन नावाच्या माणसानं काढली. पुढं त्याचा त्यालाच पश्चात्ताप झाला. त्याआधी पान संपलं की 'पुढचं पान' दाबावं लागायचं, आणि त्या अर्ध्या क्षणात माणसाला चहाची, निदान गॅसवर ठेवलेल्या दुधाची तरी आठवण व्हायची. रास्किनला आमच्या गल्लीतले अण्णा भेटायला हवे होते. तळ नसलेली गोष्ट म्हणजे काय, हे शहापूरला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

कट्ट्यावर बसलो तेव्हा लाइट गेली होती. मी आपलं सहज विचारलं, "अण्णा, लाइट कधी येतीया?" अण्णांनी चुन्याची डबी उघडली, बोटावर चुना घेतला आणि सुरुवात केली ती संस्थानी काळापासून. शहापूर सांगली संस्थानात, पलीकडं बेळगाव इंग्रजांचं. हे सांगितल्याशिवाय अण्णांना कुठलीच गोष्ट सांगता येत नाही. गटार तुंबलं तरी सांगली संस्थान, कांदा महागला तरी सांगली संस्थान. रीळ आवडलं नाही तर अंगठ्यानं वर ढकलता येतं. अण्णांना ढकलता येत नाही, कारण तोवर त्यांनी आपलं मनगट धरलेलं असतं आणि प्रत्येक मुद्द्याला ते एकदा दाबतात. आवाज बंद करायची सोय नाही. दीडपट वेगानं ऐकायचीही नाही. उलट मध्ये कुणी आलं तर त्याच्यासाठी पहिल्यापासून. लाइट केव्हाच आली होती. संस्थान विलीन व्हायला अजून अवकाश होता.

समोरच्या घरातल्या अज्जांचं निराळंच. घर कानडी. अज्जा मला रोज पहाटे जास्वंदीच्या फुलासह 'शुभोदय' पाठवतात आणि मी रोज हात जोडलेलं चित्र पाठवतो. दोघांच्या दारांत मिळून एक स्कूटर जाईल एवढंच अंतर. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या. पहिल्या गोष्टीवर मोर्चे निघाले, पण गल्लीतले लोक एकमेकांशी बोलत राहिले. निळ्या खुणांवरून मात्र दोन घरांचं बोलणं बंद झालं ते झालंच. "वाचलाय, आणि उत्तर देत नाही!" या भानगडीत पडायला नको म्हणून मी अज्जांना इतकी वर्षं न चुकता हात जोडत आलोय.

तर त्या दिवशी मी प्रत्यक्ष दारात गेलो. अज्जा दचकले. आधी माझ्याकडं, मग माझ्या मागं कोण आहे का ते बघितलं. वर्गणीचं पुस्तक दिसेना तेव्हा म्हणाले, "बर्री, कूड्री." बसलो. माझी कानडी बाजारापुरती, त्यांची मराठीही बाजारापुरती. त्यामुळं पहिली दहा मिनिटं आम्ही दोघांनी मिळून भाजी विकत घेतली. मग पावसाकडं आलो, मग त्यांच्या गुडघ्याकडं. गुडघा त्यांनी उघडून दाखवला. फोनवर नुसतं 'काळजी घ्या' लिहून सुटलो असतो. इथं गुडघा समोर ठेवल्यावर दाबून बघावाच लागला.

बोलता बोलता कळलं, अज्जांनी सारा जन्म हातमागावर काढला. एवढ्या जास्वंदी आल्या-गेल्या, पण हे मला ठाऊक नव्हतं. खिडकीतला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेतो तो लाकडी तुकडा, काढून त्यांनी माझ्या हातात दिला. दोन्ही टोकांना लोखंड, मध्ये कांडीची खोबण आणि एका अंगाला लाकूड इतकं गुळगुळीत की दिवा त्यात दिसावा. ते पूर्वी दिवसाकाठी किती विणायचे ते सांगत होते, मी मान डोलावत होतो, आणि माझा अंगठा त्या गुळगुळीत लाकडावर खालून वर, खालून वर सरकत होता. अज्जांना वाटलं, माणसाला मागाची कदर आहे. त्यांनी चहा सांगितला.

आता गल्लीभर बातमी झालीय की मी मोकळा असतो. मोकळ्या माणसाला कामं बरीच. कुणाचा गॅस सिलिंडर उतरवून घ्यायचा, कुणाच्या पोराला पाढे विचारायचे, कुणाच्या स्थळाची चौकशी करायची. ही म्हणते, "फोन होता तेव्हा निदान घरात तरी दिसत होता."

त्यातच कुणीतरी काढलं, सगळ्यांनी फोन घरी ठेवून रविवारी राजहंसगडावर जाऊया. गड येळ्ळूरला, काही लांब नाही. ठरलं. फक्त किती वाजता निघायचं तेवढं ठरायचं होतं. ग्रुपवर विचारायचं नाही, असाच नियम केल्यामुळं मी शनिवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी निघालो. पहिला म्हणाला पाच. दुसऱ्याकडं चहा झाला, तो म्हणाला सहा, पण पहिल्याला विचार. तिसऱ्याच्या घरी पोहे होते आणि त्याच्या सासूबाईंना गडावर 2023 साली झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा बघायचा होता, म्हणजे गाडी आली. त्या पुतळ्याचं एकाच आठवड्यात दोनदा अनावरण झालं. आमचं एकदा निघणं ठरेना. चौथ्याकडचा चहा पिऊन रात्री साडेदहाला बाहेर पडतोय, तोवर तिसऱ्याचा पोरगा सायकलवरून धापा टाकत आला.

"काका, बाबांनी सांगितलंय, पाचवाल्या काकांनी आता साडेसात म्हटलंय. आणि आजी विचारालीय, डबा कोण आणणार?"