भोकं पाडलेला पुठ्ठा

विषय निघाला तो नरसूच्या एका वाक्यावरून. सोलापुरात कन्ना चौकाजवळच्या चहाच्या टपरीशेजारी आम्ही पाच-सहा जण रात्री नऊनंतर जमतो. परवा तो आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "संगणकाची कल्पना मागावरून उचललीय बे. आपली चादर निघते तसल्याच मागावरून."

पुण्याहून सुट्टीला आलेला संतोष दिवसभर संगणकावरच काम करतो. तो लगेच उसळला. "धागा वर करणं वेगळं आणि गणित करणं वेगळं. आपल्या गावात माग आहेत म्हणून काहीही जोडायचं का?"

गाव आपलं नव्हेच, फ्रान्समधलं लियाँ. तिथं रेशमावर नक्षी काढायची तर विणकराला जोडीला एक पोरगा लागायचा. नक्षीप्रमाणे नेमके धागे उचलायला तो दिवसभर दोऱ्या ओढत बसे. जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास यंत्र बसवलं आणि पोराचं काम पुठ्ठ्यांवर सोपवलं. त्याच्याही आधी, १७२५ मध्ये, तिथल्याच बाझिल बुशाँनं भोकं पाडलेला कागद मागाला लावून पाहिला होता. नाव मात्र जॅकार्डचं राहिलं. सोलापुरात आजही मागावरच्या त्या सांगाड्याला जॅकार्डच म्हणतात.

हे मी लहानपणी नरसूच्या घरी पाहिलंय. मागाच्या डोक्यावर दोरीत ओवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. एक पट्टी म्हणजे एक आडवा धागा. पट्टी सुयांवर येऊन दाबते. जिथं भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिला जोडलेला आकडा, म्हणजे हूक, जागेवर राहतो आणि ताण्याचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागं सरते आणि धागा खालीच राहतो. मग धोटा जातो, खाड्कन आवाज होतो आणि पुढची पट्टी येते. चादरीवरचा मोर असा ओळीओळीनं, हो किंवा नाही करत उतरतो.

"हेच तर!" नरसू म्हणाला. "एक आणि शून्य. अजून काय पाहिजे तुला?"

संतोषचं उत्तर मात्र तयार होतं, आणि खरं सांगायचं तर वजनदार होतं. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी जॅकार्डचे पुठ्ठे घेतले, हे त्याला मान्य होतं. पण त्या यंत्रात हिशोबाचं उत्तर काय येतं ते पाहून पुठ्ठ्यांची माळ मागं फिरवता येणार होती, तेच काम पुन्हा करता येणार होतं. "मागाला हे येतं का? त्याची माळ एकाच दिशेनं फिरते. धागा तुटला तरी त्याला कळत नाही." वर त्यानं हॉलेरिथही काढला. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी यंत्रं करणाऱ्या या माणसानं, आपल्याला पुठ्ठ्याची कल्पना रेल्वेच्या कंडक्टरवरून सुचली, असं स्वतः सांगितलंय. कंडक्टर तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचा, ते पाहून.

नरसू गप्प झाला. तेव्हा सर बोलले. सर शाळेत इतिहास शिकवायचे.

"कुडलला गेलायस का रे संतोष? सीना-भीमेच्या संगमावर?"

"गेलोय की सर, सहलीला."

"तिथल्या देवळाच्या तुळईवर शके ९४० चा लेख आहे. म्हणजे इसवी सन १०१८. शेवटची ओळ मराठी. 'वाछि तो विजेया होईवा.' जो वाचेल तो विजयी होईल. किती पिढ्या त्या तुळईखालून दर्शनाला गेल्या असतील. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी ती वाचली, तेव्हा ती जगाला कळली."

"म्हणजे शोध वाचणाऱ्याचा," संतोष म्हणाला. "बॅबेजनं वाचलं. विणकरानं नाही."

इथं मला राहवलं नाही. मागानं गणित केलं नाही, हे कबूल. पण नक्षीचं हो-नाही माग ठरवतच नाही. ते माणूस ठरवतो. नरसूचे आजोबा पट्ट्या पाडायचे. चौकटींच्या कागदावर रंगवलेली नक्षी समोर ठेवून, एकेक ओळ वाचत, भरलेल्या चौकटीला भोक, रिकामी सोडून द्यायची. एक चौकट चुकली की मोराच्या मानेत खोट, आणि ती प्रत्येक चादरीत. संतोष पगार घेतो तो याच कामाचा. लियाँमध्ये १८३९ साली जॅकार्डचं चित्र रेशमात विणलं, त्याला २४ हजार पुठ्ठे लागले. बघणाऱ्याला ते छापलेलं चित्र वाटायचं. बॅबेजकडे त्याची एक प्रत होती. त्याला वाचायला मिळालं, कारण आधी कुणीतरी ते २४ हजार पुठ्ठे बिनचूक पाडून ठेवले होते.

"ते वेगळं," संतोष म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

काल नरसू घरातून एक जुनी पट्टी घेऊन आला. कडा तेलकट, दोरी कधीच तुटलेली. टपरीच्या दिव्यासमोर धरली तशी भोकांतून उजेड त्याच्या शर्टावर पडला. बोट फिरवत तो सांगू लागला, "हा काठ. हे मोकळं. इथं पाकळी सुरू झाली बघ, दोन धागे... आता चार... परत मोकळं."

संतोषनं पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला आणि पहिल्या भोकापासून मोजायला लागला. चहा निवला तरी त्याचं लक्ष नव्हतं.